वर्धेच्या काठी एक पलटण द्या

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. देशाची सीमा कशी काढायची, राज्याची कशी, जिल्ह्याची कशी, हे मी बाभुळगाव तालुक्यातल्या किती मुलांकडून घोटून घेतलं असेल, त्याची मोजदाद नाही. रेघ काढली की इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे होतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच 2025 च्या सप्टेंबरात टपरीवर चहा पिताना टीव्हीवर जी बातमी पाहिली, तिने माझा ऊर भरून आला. अमेरिकेच्या सैन्याने कॅरिबियन समुद्रात एक बोट उडवली होती. बोटीत अमली पदार्थ होते आणि 11 तस्कर मारले गेले, असं त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. पंचनामा नाही, साक्षीदार फुटण्याची भीती नाही, तारखांवर तारखा नाहीत. आपल्याकडे गांजाच्या एका पोत्यापायी पंच मंडळी दहा-दहा वर्षं कोर्टात खेटे घालतात. मी चहा तसाच ठेवला, घरी आलो आणि अर्ज लिहायला बसलो.

अर्जाचा विषय: वर्धा नदीच्या काठी लष्कराची एक पलटण कायमस्वरूपी मिळणेबाबत.

यवतमाळ जिल्ह्याला परदेशाची सीमा नाही आणि समुद्र तर आमच्या मुलांनी फक्त नकाशात निळा रंगवलेला. मग इथे पलटण कशाला, असं कोणी विचारील. त्याला इतिहास ठाऊक नाही. बाभुळगावातून उगवतीकडे निघालं की वर्धा नदी लागते, आणि ती साधी नदी नव्हे. 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडून दिला. तेव्हापासून ही नदी सरहद्द आहे. आमचा वऱ्हाड निजामाकडे गेला, पलीकडे नागपूरकरांचं राज्य राहिलं. पुढे राज्यं बुडाली, इंग्रज आला आणि गेला, पण सरहद्दीचा गुण नदीच्या पाण्यात राहिला तो राहिलाच.

1975 साली त्या सरहद्दीला नवं काम मिळालं. गांधीजी 1936 पासून सेवाग्रामला राहिले होते. त्यांचा मान राखायचा म्हणून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी झाली. आमच्या बाजूला झाली नाही. म्हणजे पुलाच्या या टोकाला जी बाटली महसूल असते, तीच पुलाच्या त्या टोकाला मुद्देमाल होते. मधे फक्त पाणी, उन्हाळ्यात तर तेही नाही. पन्नास वर्षं झाली. दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या पोत्यांतून, मोटारसायकलच्या डिक्कीतून बाटल्या तिकडे जात आहेत. पलीकडचे पोलीस पकडतात, ढीग लावतात, रोडरोलर फिरवतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटल्या. पोलिसांचा यात दोष नाही. ते पोलीस आहेत, फौज नाहीत.

आणि फौज तर हाकेच्या अंतरावर आहे. वर्धेच्या पलीकडे पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक. सगळ्या देशाला दारूगोळा पुरवणारी जागा दारूबंदीच्या जिल्ह्यात आहे आणि तिचं तोंड अजून नदीकडे वळवलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. देशभरची फौज हलवावी लागणार नाही, नुसता पूल ओलांडून यायचं आहे.

अर्जाला जुने दाखले जोडावे लागतात, तेव्हा मी दाखले गोळा केले. पहिला दाखला आमच्या गावाच्या नावातच आहे. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना रोखायला हिंदुस्थानच्या मधोमध एक कुंपण घातलं होतं. 1869 च्या सुमारास कराच्या नाक्यांची ही रेघ सिंधूपासून महानदीपर्यंत 2,300 मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ 12,000 माणसं पहारा करत होती. तिचा मोठा भाग जिवंत काट्यांचा होता: बोर, करवंद, निवडुंग आणि बाभूळ. या कुंपणावर सर्वांत जास्त मेहनत घेणाऱ्या अधिकाऱ्यांत ॲलन ह्यूम होते, 1885 साली काँग्रेस काढणाऱ्यांपैकी एक. बाभूळ आम्हाला नर्सरीतून आणावी लागणार नाही. ती आमच्या बांधावर, नाल्यात, पडीत जमिनीत आपोआप येते. पलटण येईपर्यंत गावकऱ्यांनी श्रमदानातून वर्धेच्या काठी बाभळी लावाव्यात, असं मी अर्जात सुचवलं आहे.

या दाखल्यातली एक गोष्ट मात्र मला बोचते. 1 एप्रिल 1879 रोजी इंग्रजांनी ते कुंपण सोडून दिलं. मिठावरचा कर सगळीकडे जवळपास सारखा केला आणि खाणीतलं, खाऱ्या तळ्यातलं मीठ जिथे निघतं तिथेच ताब्यात घेतलं. त्याबरोबर इकडचं मीठ चोरून तिकडे नेण्यात नफाच उरला नाही. बारा हजार माणसांना वर्षानुवर्षं जे जमलं नाही, ते एका हुकुमाने झालं. हा प्रसंग मी वर्गात कधी शिकवला नाही. चोराला पकडायचं सोडून चोरीत राम उरू द्यायचा नाही, हा विचार कोवळ्या मनांना पेलणारा नव्हे.

दुसरा दाखला अफूचा. माळव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके. कंपनी सरकारला आपल्या बंगालच्या अफूशी स्पर्धा नको होती, म्हणून तिने माळव्याच्या अफूच्या वाटा अडवल्या. संस्थानिकांशी करार केले, पहारे बसवले. मग अफूचे काफिले राजपुतान्यातून वाळवंटाला वळसा घालून कराचीला जाऊ लागले आणि तिथून जहाजाने पोर्तुगिजांच्या दमणला. वाट जितकी लांब, तितके तिच्यावर पोसणारे लोक जास्त. शेवटी 1830 च्या सुमारास कंपनीने अडवणं सोडलं आणि मुंबईहून परवाना देऊन शुल्क घ्यायला सुरुवात केली. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाटही हातात आली आणि शुल्क वाढवता आलं. मधल्या काळात, 1839 साली, चिनी सरकारने आपल्या किनाऱ्यावर अफूच्या वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा याच इंग्रजांची आरमारं आणि हिंदी शिपाई चीनशी लढायला गेले. अफू आत येऊ द्या, एवढ्यासाठी. फौज किती कामाची असते, ते यावरून कळतं. वाट अडवायची असेल तर ती अडवते, उघडायची असेल तर उघडते. फक्त त्या वर्षी सरकारला काय हवं आहे, ते तिला नीट सांगावं लागतं.

तिसरा दाखला अमेरिकेचा, आणि तो सर्वांत भक्कम आहे. सप्टेंबर 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मेक्सिकोच्या सीमेवर प्रत्येक वाहन थांबवून तपासायचा हुकूम दिला. मैलच्या मैल रांगा लागल्या. मजूर कामावर पोचेनात, भाजी सडली, दोन्ही बाजूंची दुकानं ओस पडली. साधारण तीन आठवड्यांनी मोहीम आवरती घ्यावी लागली. त्यानंतर वीस वर्षं अमेरिकेने विचार केला. 1988 साली रँड या संशोधन संस्थेने त्यांच्याच संरक्षण खात्यासाठी अभ्यास करून सांगितलं की सीमेवर सैन्याची मदत कितीही वाढवली तरी देशात खपणाऱ्या कोकेनवर फारसा परिणाम होणार नाही. कारण साधं होतं. त्या मालाची बहुतेक किंमत सीमा ओलांडून आत आल्यावर, हातोहाती विकताना चढते. सीमेवर पकडलेला माल तस्कराला अजून स्वस्तच पडलेला असतो. तो गेला तर दुसरा पाठवायचा. आमच्या कापसासारखंच आहे हे. शेतात बोंडाला काय मिळतं आणि शहरात सदऱ्याला काय पडतं!

हा अहवाल हातात आला आणि पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, अमेरिकेने टेक्सासमधल्या एल पासोला मेक्सिकोच्या सीमेसाठी लष्कराचं खास संयुक्त दल उभं केलं. निर्धार म्हणतात तो याला. आमच्या नगरपंचायतीत एवढा निर्धार असता तर नळयोजना कधीच पूर्ण झाली असती.

त्या सीमेवर रिओ ग्रांदे नावाची नदी आहे. तिच्या काठी रेडफर्ड नावाचं खेडं आहे. 20 मे 1997 रोजी संध्याकाळी तिथला 18 वर्षांचा एक शाळकरी मुलगा नेहमीसारखा बकऱ्या घेऊन नदीकडे गेला. रानटी कुत्री बकऱ्यांवर पडतात म्हणून त्याच्याजवळ जुनी बंदूक होती. झुडपांत, अंगाला पालापाचोळा बांधून, चार मरीन सैनिक दडून तस्करांची वाट पाहत होते. आपल्या गावात सैन्य येऊन बसलं आहे, हे गावाला माहीत नव्हतं. मुलाने आपल्या दिशेने गोळी झाडली, असं सैनिकांचं म्हणणं पडलं. त्यांनी थोडा वेळ त्याचा माग काढला आणि एकाने एक गोळी मारली. बकऱ्या तशाच उभ्या राहिल्या. मुलाकडे अमली पदार्थाचा कणही नव्हता. सैनिकावर खटला उभा राहिला नाही; त्याने शिकवल्याप्रमाणेच केलं होतं. शत्रू दिसला की काय करायचं ते त्याला शिकवलं होतं, आणि दडून बसलेल्या माणसाला नदीकाठचा प्रत्येक जण शत्रूच दिसतो.

हा दाखला वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. आमच्याकडेही बकऱ्या नदीकाठीच चरतात, गायरानं उरली आहेत कुठे? राखणारी पोरं बारा-पंधरा वर्षांची असतात. तेव्हा मी अर्जात स्वतंत्र कलम घातलं आहे. पलटण यायच्या आधी नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या बकऱ्या राखणाऱ्यांची यादी करावी, त्यांना लांबून दिसतील अशा रंगाचे सदरे द्यावेत, कुत्र्यांना हाकलायला बंदूकच काय, गोफणही वापरू नये. झुडपाशी जायच्या आधी तीनदा मोठ्याने खाकरावं. ही पोरं मी शिकवलेल्यांची पोरं आहेत. त्यांना मी स्वतः खाकरायला शिकवीन.

चौथा दाखला मेक्सिकोचा. तिथे डिसेंबर 2006 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी, फेलिपे काल्देरोन यांनी, आपल्याच मिचोआकान राज्यात 6,500 सैनिक आणि पोलीस उतरवले. पुढे आकडा हजारोंनी वाढत गेला. टोळ्यांचे म्होरके मारले गेले, धरले गेले. एका टोळीच्या चार टोळ्या झाल्या आणि त्या आपसांत लढू लागल्या. त्यांतली सर्वांत क्रूर म्हणून नाव झालेली झेतास ही टोळी त्याआधीच मेक्सिकन लष्कराच्या विशेष दलातून पळालेल्या सैनिकांनी उभी केली होती. बाभुळगावच्या रस्त्यावर पहाटे पाचला पाहा, भरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. कापसाच्या भावावर ज्यांचा भरवसा उरलेला नाही, ती पोरं. त्यांना लष्करी शिक्षण मिळावं, ही माझी तळमळ आहे. पगार देणारा कोण, हे मात्र शेवटपर्यंत बदलू नये याची काळजी सरकारने घ्यायला हवी.

आता आपल्या देशातला दाखला. पंजाबात पाकिस्तानला लागून 553 किलोमीटर सीमा आहे. तिथे सीमा सुरक्षा दल आहे, काटेरी तारा आहेत, दिवे आहेत. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्र सरकारने पंजाबात या दलाची हद्द सीमेपासून 15 किलोमीटरची 50 किलोमीटर केली. पण हेरॉईन तारेखालून यायचं सोडून तारेवरून यायला लागलं. 2023 साली तिथे शंभरावर ड्रोन सापडले, 2024 मध्ये त्याच्या दुपटीहूनही अधिक. जवान थंडीत, धुक्यात, रात्र-रात्र आभाळाकडे पाहत उभे असतात. त्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडतो. त्या दिव्यांच्या अलीकडे, पंजाबच्या गावांत, आया घरातल्या वस्तू कुलुपात ठेवतात, कारण पोरगा विकून येतो. पण ते घरातलं प्रकरण झालं. दलाची हद्द 50 किलोमीटर असली तरी ती घराच्या दारापर्यंतच येते.

हे 50 किलोमीटर मी आमच्या नकाशावर कंपासने मोजून पाहिले. वर्धा नदीवर टोक ठेवून कमान काढली तर सगळं बाभुळगाव आत येतं. म्हणजे आम्ही सगळे सीमेवरचे. मला त्या रात्री फार अभिमान वाटला.

पण मग दोन गोष्टी आठवल्या आणि कंपास अपुरा वाटायला लागला. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळजवळ 3,000 किलो हेरॉईन सापडलं. ते रात्री होडीतून आलं नव्हतं. इराणच्या बंदरातून, शंखजिऱ्याची पूड म्हणून, कागदपत्रांसह, कंटेनरमध्ये बसून दिवसाउजेडी आलं होतं. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा घातला, तेव्हा एमडी म्हणजे मेफेड्रोन तिथल्या कारखान्यातच तयार होत असल्याचं उघड झालं. त्या प्रकरणात पुण्यापासून दिल्लीपर्यंत मिळून 1,700 किलोंहून जास्त माल धरला. या मालाने कुठलीच सरहद्द ओलांडली नव्हती. सरकारी भूखंडावर, सरकारी विजेवर, आपल्याच रसायनशास्त्राच्या पदवीधरांना येतं तेवढ्या ज्ञानावर तो झाला होता. जी वस्तू आत जन्मते तिला सीमेवर कसं अडवायचं? याचं उत्तर मी अर्जात दिलं आहे. सीमा आत आणायची. आधी एमआयडीसीभोवती, मग प्रत्येक गोदामाभोवती, मग गावाभोवती.

गावाभोवती आणायची म्हटल्यावर मला कायद्याचं पुस्तक काढावं लागलं. आपल्या राज्याचा दारूचा कायदा 1949 चा आहे आणि त्याचं नावच दारूबंदी कायदा आहे. त्याच कायद्याखाली दारूच्या दुकानांना परवाने मिळतात. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. देशीसाठी एका दिवसाचा 2 रुपयांना मिळतो, विदेशीसाठी 5 रुपयांना. दारूवरच्या शुल्कातून राज्याला वर्षाला वीस हजार कोटींच्या वर उत्पन्न मिळतं, आणि त्यातून पोलिसांचे पगारही होतात, शाळेतल्या गुरुजींचेही. माझं निवृत्तिवेतनही त्यातच कुठेतरी असणार. म्हणून पलटणीने नदीवर चोरटी बाटली अडवावी आणि गावात परवान्याच्या बाटलीला सलामी द्यावी, यात मला विसंगती दिसत नाही. दोन वेगळी कामं आहेत. फक्त जवानाला दोन्ही बाटल्यांतला फरक ओळखता यायला हवा. वासावरून तो ओळखता येत नाही.

शेजारचा चंद्रपूर जिल्हा पाहा. बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर चालत गेल्या, तेव्हा 1 एप्रिल 2015 पासून तिथे बंदी झाली. मे 2021 मध्ये ती उठवायचं ठरलं. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, बाया-पोरंसुद्धा या धंद्यात ओढली गेली, अशी कारणं सरकारने दिली. तिथे वर्धा नदीवर पलटण असती तर? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारत होतो, आणि उत्तर देताना माझ्यापुढे वणी आली.

वणी आमच्याच जिल्ह्यातली. एप्रिल 2021 मध्ये टाळेबंदीत दारूची दुकानं बंद होती. रस्त्यांवर पोलीस, जिल्ह्याच्या वेशीवर नाके, वाहनं बंद. पलटण आणूनही जी नाकेबंदी झाली नसती, ती तेव्हा झाली होती. त्या दिवसांत वणीत सात माणसं मेली. दारू मिळाली नाही म्हणून हातावर चोळायचं सॅनिटायझर प्यायली होती. सॅनिटायझर चोरून आलेलं नव्हतं. ते सरकारनेच घरोघर ठेवायला सांगितलेलं होतं. मला त्या सात जणांची तहान समजत नाही. मी भूगोल शिकवला, मला पाण्याची तहान समजते. पण कोणत्याही नकाशावर त्या तहानेचा उगम दाखवलेला मी पाहिला नाही.

हा अर्ज घेऊन मी गावातल्याच एका तरुण डॉक्टरला दाखवायला गेलो. त्याने तो शांतपणे वाचला. मग म्हणाला, पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा मुंबई-पुण्याची पोरं गर्द या अमली पदार्थाने जात होती. त्यांनी सीमेवर कोणाला उभं केलं नाही; एकेका पोराला समोर बसवलं, त्याच्या आईला बसवलं, बायकोला बसवलं. सुटलेल्या माणसालाच पुढच्याचा हात धरायला सांगितलं. गडचिरोलीत बंदी 1993 पासून आहे, पण ती गावोगावच्या बायांनी बैठका घेऊन, स्वतः भट्ट्या फोडून राखली आहे. आणि आपल्याकडे गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं, ही सोय आहेच. मी त्याला विचारलं, यात संचलन कुठे आहे? बँड कुठे वाजतो? एका माणसाला सोडवायला किती दिवस लागतात? तो म्हणाला, काहींना आयुष्यभर लागतं, गुरुजी. एवढा वेळ सरकारकडे नसतो, हे मी त्याला समजावलं. त्याच्या टेबलावर एक गोळ्यांची यादी होती. बरीचशी नावं त्याने खोडली होती. साठा आला नव्हता.

परत येताना मी एका घरी थांबलो. ते घर माझ्या एका विद्यार्थ्याचं. वर्गात त्याच्याइतका सुरेख नकाशा कोणी काढत नसे. वर्धा नदी तो निळ्या पेन्सिलने काढायचा आणि काठाकाठाने जिल्ह्याची सीमा अशी ठिपक्यांनी नेमकी न्यायचा, की मी त्याची वही फळ्याजवळ टांगून ठेवायचो. मोठा झाला, चार एकरांत कापूस लावला, दोन मुलं झाली. मग प्यायला लागला. आधी कापूस विकल्यावर, मग कापूस विकायच्या आधी. मग ज्या वर्षी बोंडअळी आली त्या वर्षी रोज. गेल्या पोळ्याच्या आदल्या रात्री तो गेला. बैलांना रंग लावायचा होता, त्याच्या पोराने एकट्याने लावला.

मी त्या पोराला सांगितलं होतं की तुझ्या बापाचा जीव तस्करांनी घेतला. मला तसंच वाटत होतं. पण कोनाड्यातली बाटली त्याने आणून दाखवली. बूच लावून जपून ठेवली होती. का ते त्यालाही सांगता येईना. तिच्यावर राज्य उत्पादन शुल्काचं चकचकीत लेबल होतं. अलीकडची, आमच्याच बाजूची, परवान्याच्या दुकानातली. तिने नदी पाहिलीही नव्हती.

त्या रात्री मी अर्जात शेवटचं कलम लिहिलं. सीमा नदीवरून एमआयडीसीपर्यंत आणली, एमआयडीसीवरून गावापर्यंत आणली. आता ती घरापर्यंत आणावी. प्रत्येक उंबरठ्यावर एक जवान. सोबत एक तक्ताही जोडला: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, पहाऱ्याची वेळ, जवानाने तोंड कोणत्या दिशेला करून उभं राहावं.

सकाळी अर्ज घेऊन मी पुन्हा त्या घरी गेलो. पहिल्या पानावर त्याचं घर पहिलं असावं, अशी माझी इच्छा होती. त्याची बायको ओट्यावर तूर पाखडत होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं: तह, कुंपण, अफू, रेडफर्डची बकऱ्यांमागची संध्याकाळ, पंजाब, मुंद्रा. ती मधेच थांबली नाही, सूप चालूच होतं. उंबरठ्यावरच्या जवानापाशी आलो तेव्हा मात्र तिने सूप मांडीवर ठेवलं.

"गुरुजी, तो शिपाई दारात उभा रायला, तं त्याचं तोंड कोनीकडे राहीन?"

"बाहेर," मी म्हटलं. "शत्रू बाहेरून येतो."

ती बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिली.

"बाहेरून तं आमच्या घरात कधी कोनीच आलं नाही," ती म्हणाली. "ते ह्यायच्या पोटात बसून याये. मी दार उघडून देवो."

पोरगा आत दप्तर भरत होता. त्याच्या भूगोलाच्या वहीचं पान उघडं होतं आणि यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा अर्धा काढून झाला होता. नदी निळी होती, काठाने ठिपके नेमके गेले होते, बापासारखेच. "गुरुजी," त्याने विचारलं, "नकाशात आमचं घर कुठं काढू?"

मी 31 वर्षं सीमा काढायला शिकवल्या. घर काढायला कुणालाच शिकवलं नव्हतं. मी खाली बसलो, त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि नदीच्या अलीकडे, कुठल्याही रेषेला न टेकवता, एक लहानसा ठिपका दिला.

अर्ज माझ्या पिशवीत आहे. बाकी सगळे रकाने भरले आहेत. तोंड कोणत्या दिशेला, एवढा एकच कोरा राहिला आहे.